नाहीबाई

त्या बाईचं तोंड छोट्या हॉस्पिटलातल्या कुणीही कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तिच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय तिथला एक दिवस सरत नव्हता. ती घाटापलीकडच्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात, कुठल्याशा खिडकीमागे फोन घेऊन बसायची. अलीकडच्या गावांतला एखादा पेशंट हाताबाहेर चालला की आधी तिला फोन लावायचा, बेड आहे का म्हणून विचारायचं, आणि तिने होकार दिला तरच ॲम्ब्युलन्स हलवायची, असा वरून आलेला नियम. होकाराशिवाय गाडी नेली तर दारातूनच परत पाठवतात, पेशंट वाटेत जातो आणि डॉक्टरच्या हातात मेमो पडतो, असं सगळे सांगायचे.

बाईचा आवाज गोड होता, आणि तेच जास्त झोंबायचं. "सिस्टर, तुम्ही समजून घ्या ना," अशी सुरुवात, आणि मग, "आत्ता तरी नाही हो." खेकसली असती तर परवडलं असतं. ही सुरी लोण्यात बुडवून फिरवायची. वॉर्डातल्या आयाने तिचं नाव नाहीबाई ठेवलं आणि ते असं चिकटलं की नव्या डॉक्टरने एकदा तिला फोनवर त्याच नावाने हाक मारली आणि नंतर तासभर घाम पुसत बसला.

तिच्याशी खरी झुंज चालायची ती कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरची. सिस्टर अंगाने दणकट, आवाजाने खणखणीत, आणि जिभेने अशी की चांगले चांगले लोक तिच्याशी बोलण्याआधी घसा साफ करून घेत. एके काळी या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर चालायचं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, आणि थिएटरमध्ये मोडक्या खुर्च्या येऊन बसल्या. तेव्हापासून पोट फाडायचं असो की डोकं, सगळं घाटापलीकडे. म्हणजेच नाहीबाईच्या जिभेवर.

"बेड नाही म्हणजे किती नाही?" सिस्टर विचारायची.

"नाही म्हणजे नाही, सिस्टर. समजून घ्या ना. माझ्या घरून आणून देऊ का खाट?"

"आणा. तेवढ्या निमित्ताने तरी खुर्चीतून उठाल."

"तुमच्याशी बोलायचं म्हणजे डोकं दुखतं बाई."

"माझ्या पेशंटचंही दुखतंय. त्याचं फुटलंय, एवढाच फरक."

फोन आपटला की आया हसायची, ड्रायव्हर हसायचा, सिस्टरही हसायची. पेशंट कधी बेड मिळून जायचा, कधी तसाच जायचा. दिवसामागून दिवस असं चाललं की माणसाला त्यातही गंमत वाटायला लागते.

ती गंमत धाकट्या दिराबरोबर संपली.

सिस्टरचा धाकटा दीर घरांना रंग द्यायचं काम करायचा. परांचीवरून पडला, पण उठून, कपडे झटकून, स्वतःच्या पायांनी कॅज्युअल्टीत आला. "वहिनी, म्हटलं तुमचा कारखाना आतून बघावा एकदा," म्हणाला. सिस्टरने त्याला झोपवला, टेंगूळ चाचपलं, दोन शिव्या हासडल्या. मग त्याला उलटी झाली. मग तो एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारायला लागला, मग डोळे मिटायला लागला. तेव्हाच्या डॉक्टरांनी पापण्या उघडून टॉर्च मारला आणि सिस्टरकडे न बघता म्हणाले, "आत रक्त साचतंय. कवटी उघडून काढलं तर माणूस उठून बसेल. फोन लावा."

सिस्टरने फोन लावला. नाही. पुन्हा लावला. "आत्ताच सांगितलं ना, सिस्टर? जरा वेळाने बघा." तिसऱ्यांदा सिस्टर भांडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या बाईला, "ताई, माझा दीर आहे हो," असं म्हटलं. पलीकडून, "सगळे कुणाचे ना कुणाचे असतातच ना, सिस्टर. समजून घ्या."

दाराबाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती. ड्रायव्हर आत बसून होता. खाटेच्या पायथ्याशी सिस्टरची जाऊ उभी होती, नवऱ्याच्या पावलांवर हात ठेवून, आणि प्रत्येक फोननंतर सिस्टरच्या तोंडाकडे बघत होती. होकार आला तेव्हा पाठवायला कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतर जाऊ सिस्टरशी बोलायची बंद झाली. एकाच घरात, एकाच चुलीवर, एकाच नळावर. आधी ती सिस्टरला ताई म्हणायची. आता काहीच म्हणत नव्हती. काही सांगायचंच झालं तर दोघींच्या मध्ये बसलेल्या सासूबाईंना सांगायची: "आई, त्यांना म्हणावं दूध उतू जातंय." सासूबाई कानाने मंद, त्यामुळे निरोप पोचेपर्यंत दूध खाली गेलेलं असायचं. सिस्टरचा नवरा लांबच्या बंदरात क्रेन चालवायचा, सुट्टीला यायचा, दोन दिवस हे बघायचा आणि, "तुम्ही बायका आपसात मिटवा," म्हणून परत जायचा. मिटवायला होतं काय? जावेचं म्हणणं एकच होतं, आणि ते तिने शेजारपाजारी सगळ्यांना सांगून झालं होतं: घरची बाई हॉस्पिटलात इन्चार्ज, आणि तिच्या डोळ्यांदेखत घरचा माणूस मेला. हिने नीट मागितलंच नाही. भांडकुदळ तोंडाने माणूस नाही म्हणणार नाहीतर काय?

या शेवटच्या वाक्यावर सिस्टर रात्र रात्र तळमळली होती.

वर्ष उलटून गेलं. एका कोरड्या, धुळीच्या दुपारी खडी वाहणाऱ्या ट्रकमधून एक जोडपं कॅज्युअल्टीत आलं. खाणीजवळच्या वळणावर त्यांची मोटार घसरून कठड्याला धडकली होती. नवऱ्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तो फक्त पांढरा पडला होता आणि डावी बरगडी दाबून धरत होता. बायकोची भिवई फाटून अर्धा चेहरा लाल झालेला, एका पायात चप्पल नाही, पण पर्स काखेत घट्ट.

"आधी ह्यांना बघा," ती म्हणाली. "माझं राहू दे."

नव्या डॉक्टरने नवऱ्याचं पोट दाबलं. पोट फळीसारखं लागलं. रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि दुसऱ्यांदा तो आणखी खाली होता. डॉक्टरने सिस्टरला बाजूला घेतलं. "प्लीहा फुटलीय. आत रक्त चाललंय. ताबडतोब पोट उघडायला पाहिजे." म्हणजे घाटापलीकडे. म्हणजे फोन.

"आधी दोन्ही हातांना सलाईन लावते, मग फोन," सिस्टर म्हणाली. तिने सुया लावल्या, आयाला रक्ताच्या पिशव्या आणायला पिटाळलं आणि मग बायकोकडे वळली. भिवईला टाके घालायलाच हवे होते. "बसा इथे. हलू नका."

"अहो, पण मला ह्यांच्याजवळ राहू द्या. सिस्टर, तुम्ही समजून घ्या ना."

सिस्टरच्या हातातला कापूस तिथेच थांबला.

आवाज एकदा कानात घर करून बसला की तोंड ओळखायची गरज लागत नाही. तरी सिस्टरने खात्री करून घेतली. सुईत दोरा ओवता ओवता सहज विचारावं तसं विचारलं, "कामाला कुठे तुम्ही?"

"मोठ्या हॉस्पिटलातच आहे. बेडचं बघते मी." बाईने मान वर केली. तिनेही तो खणखणीत आवाज ओळखला असावा, कारण तिचे डोळे सिस्टरच्या तोंडावर थांबले आणि खाली गेले ते वर येईनात. "तुम्ही... इथल्या इन्चार्ज का?"

"मान सरळ ठेवा," सिस्टर म्हणाली आणि पहिला टाका घातला.

टाके सुबक घातले. इतके सुबक तिने स्वतःच्या मुलीच्या हनुवटीलाही घातले नव्हते. बाई दर टाक्याला श्वास ओढायची, पण हूं की चूं केलं नाही. बधिर करायचं औषध पुरतं लागायची वाट सिस्टरने पाहिली होती की नाही, हे एक त्या दोघींनाच ठाऊक.

मग सिस्टर फोनकडे गेली. नाहीबाईच्या जागेवर बदलीचा माणूस होता. त्याने ऐकून घेतलं आणि थंडपणे सांगितलं, बेड नाही, जरा वेळाने बघा. सिस्टरने रिसीव्हर कानापासून काढला. तिच्या मनात त्या क्षणी जे काही उसळलं त्याला आनंद म्हणायला तिला नंतर लाज वाटली, पण होता तो आनंदच. ती रिसीव्हर तसाच धरून बाईसमोर आली. तार ताणली गेली.

"घ्या. तुमच्याच टेबलावरचा जबाब आहे. समजून घ्या."

बाईने रिसीव्हर हिसकावून घेतला. आणि मग कॅज्युअल्टीतल्या सगळ्यांनी जे ऐकलं ते असं होतं:

"मी बोलतेय... हो, मीच. ऐक. पाचव्या मजल्यावर पडद्यामागचे दोन आहेत ना, त्यातला एक दे... मला माहितीये कुणासाठी आहेत. मीच लिहिते ना ते?... साहेबांना मी सांगेन. माझ्या नावावर टाक. सर्जनला खाली बोलावून ठेव, आम्ही निघतोय."

फोन ठेवला गेला. आया रक्ताच्या पिशव्या छातीशी धरून दारात उभी होती. डॉक्टर भिंतीकडे बघत होता.

सिस्टरने बाईच्या नवऱ्याला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे आवळले, पांघरूण नीट केलं, पिशवी टांगली. त्याचा काय दोष? तो बिचारा, "थंडी वाजतेय," एवढंच म्हणत होता. गाडीचं मागचं दार लावायच्या आधी मात्र तिने दारावर हात ठेवला.

"एक सांगा मला. मागच्या वर्षी एक रंगारी होता. डोक्याला मार. मी तीनदा फोन केला होता."

"सिस्टर, मला दिवसाला किती फोन येतात..."

"माझा दीर आहे म्हणून सांगितलं होतं."

बाईला आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हती ती, खरंच आठवत नव्हतं, आणि ते बघून सिस्टरला वाटलं, खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी ते दोन बेड रिकामे होते?"

"ते रिकामे नसतात हो. राखीव असतात." आणि मग नवऱ्याकडे बघून घाईने, "आम्हाला जाऊ द्या ना आता."

सिस्टरने दार लावलं.

गावात बातमी संध्याकाळपर्यंत पोचली नसती तरच नवल. आयाच्या तोंडी तीळ भिजत नसे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणून लोकांनी नाहीबाईला यथेच्छ धुतलं. सिस्टरला वाटलं होतं, निदान आज घरी तरी कळेल. की आपण मागितलं होतं. की बेड असूनही दिला नव्हता. की दोष तिकडे होता.

जाऊ ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. सिस्टरने चप्पल काढायच्या आत ती सासूबाईंना म्हणाली, तेही एवढ्या मोठ्याने की शेजारच्या घराला ऐकू जावं:

"आई, ऐकलंत का? त्या बाईने एक फोन केला आणि तिच्या नवऱ्याला बेड मिळाला. म्हणजे होता. मागणाऱ्याला मिळतो तर."

"कसला मेळा?" सासूबाई म्हणाल्या.

सिस्टर न जेवता झोपली.

नाहीबाईचा नवरा वाचला. प्लीहा काढावी लागली, पण माणूस उठला. बाई आपल्या खुर्चीवर परत आली. छोट्या हॉस्पिटलातल्या सगळ्यांना वाटत होतं की आता तरी बाई मऊ पडेल. एकदा जिने आपल्या हातचं पाणी प्यायलंय ती दुसऱ्यांदा तोंड फिरवणार नाही. झालं उलटंच. आता ती 'समजून घ्या' सुद्धा म्हणेना. "बेड नाही," आणि खट्. जिच्यासमोर आपण उघडे पडलो तिचा माणसाला राग येतो. उपकार करणाऱ्याचा तर दुप्पट.

"पडद्यामागचे दोन," असं एकदा सिस्टर म्हणाली.

"कुठले पडदे?" बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

असे काही महिने गेले. मग शिवणकामाच्या कारखान्यातली एक पोरगी आली. मशीनवर बसल्या बसल्या ओटीपोटात कळ उठली आणि खाली कोसळली. तिला आणणाऱ्या मुकादमबाईने, "अपचन असेल," म्हटलं. सिस्टरने पोरीच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. आत रक्ताचा मागमूस नव्हता, नुसता कागद. डॉक्टरने तपासलं. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोरीला आपल्याला दिवस गेलेत हेही ठाऊक नव्हतं.

"फोन लावा," डॉक्टर म्हणाला.

सिस्टरने फोन लावला.

"बेड नाही."

"नळी फुटलीय. वय वीसच्या आतबाहेर. ऐकताय ना?"

"ऐकतेय. बेड नाही. नंतर बघा."

सिस्टरने रिसीव्हर खाली ठेवला. पोरगी छताकडे बघत विचारत होती, सुपरवायझरला कुणी सांगितलं का, नाहीतर अर्धा दिवस मांडतील. सिस्टरने पुन्हा फोनकडे हात नेला नाही. ती खाटेचा ब्रेक सोडून खाट दाराकडे ढकलायला लागली.

"सिस्टर, होकार आला?" डॉक्टर मागून आला.

"नाही."

"मग कुठे निघालात?"

"तिकडेच."

"अहो, असं चालत नाही. परत पाठवतील. मला मेमो मिळेल. मी परवानगी दिलेली नाही, हे लक्षात ठेवा."

"ठेवलं लक्षात. सही माझी. तुम्ही भिंतीकडे बघा, तुम्हाला सवय आहे."

ड्रायव्हरने एकदा डॉक्टरकडे पाहिलं, एकदा सिस्टरकडे, आणि तोंडातली काडी थुंकून गाडी सुरू केली. घाट चढताना सिस्टर मागे पोरीचे पाय मांडीवर उंच धरून बसली होती आणि सलाईनची पिशवी मुठीत दाबत होती. पोरगी बडबडत होती तोवर ठीक होतं. माथ्यावर ती गप्प झाली तेव्हा सिस्टरने तिला चिमटा काढला, नाव विचारलं, आईचं नाव विचारलं, कारखान्यातल्या कोणकोणत्या बाया खोडकर आहेत ते विचारलं. उतारावर ड्रायव्हर म्हणाला, "दारातून परत फिरवलं तर?"

"आजवर कुणाला फिरवलंय, तू बघितलंस?"

ड्रायव्हरने विचार केला. "बघितलं नाही. होकाराशिवाय आपण आलोच कधी?"

सिस्टरने पोरीचे पाय आणखी वर घेतले.

मोठ्या हॉस्पिटलात बेडची खिडकी तळमजल्यावर लांबलचक बोळाच्या टोकाला होती. रांगेत माणसं होती, बाकांवर माणसं होती, कुणी भिंतीला टेकून झोपलेलं. सिस्टरने रांग मोडून स्ट्रेचर सरळ काचेसमोर आणून उभं केलं. आत नाहीबाई होती. भिवईवरची रेघ इतकी बारीक होती की माहीत नसेल त्याला दिसलीही नसती.

"होकार नव्हता," ती हळू आवाजात म्हणाली.

"नव्हता."

"मग आणलंत कसं?"

"चाकांवरून. पाचव्या मजल्यावरचा एक द्या."

"हळू बोला."

"का? सगळ्यांना कळू दे की. पडदा कुठल्या रंगाचा आहे तेही सांगा."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. नाहीबाई काचेला अगदी चिकटून आली. तिच्या आवाजातला गोडवा साफ उतरला होता. "तुम्हाला काय वाटतं, ते बेड माझ्या बापाचे आहेत? ह्यांच्या वेळी हात लावला तर मला वर बोलावून उभं-आडवं केलं. पुन्हा लावला तर नोकरी जाईल माझी. घरी नवरा अजून कामाला लागला नाहीये. तुमच्या पेशंटसाठी मी रस्त्यावर येऊ?"

"या."

"तुमचीही जाईल."

"माझी घाट चढले तेव्हाच गेली."

"माणुसकी आहे की नाही तुम्हाला?" नाहीबाई म्हणाली, आणि सिस्टरला एवढा संताप आला की तिने काचेवर हाताचा पंजा मारला. काच हादरली. बाकावर झोपलेला उठून बसला.

त्या आवाजाने वरच्या जिन्यावरून उतरणाऱ्या एका सर्जनबाईंनी खाली पाहिलं. हातात सफरचंद होतं, अर्धं खाल्लेलं. त्या स्ट्रेचरपाशी आल्या, पोरीचा चेहरा बघितला, मनगट धरलं, पांघरूण बाजूला करून पोटावर हात ठेवला. "काय आहे? नळी?"

"हो. इथे बेड नाही म्हणतात."

"बेड काय करायचाय आत्ता? थिएटर मोकळं आहे." सफरचंद त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. "टेबलावर घेऊ आधी. झोपवायचं कुठे ते नंतर बघू. धरा तिकडून, चला."

आणि स्ट्रेचर बोळाच्या वळणावरून दिसेनासं झालं. एवढंच. कुणी कागद विचारला नाही, होकार विचारला नाही. सिस्टर काचेसमोर एकटी उभी राहिली. आतून नाहीबाई तिच्याकडे बघत होती, आणि फोन वाजायला लागला तशी तिने तो उचलला.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर खुशीत होता. शीळ घालत होता. सिस्टर त्याच्या शेजारी बसली होती. तिला राहूनराहून तोच बोळ दिसत होता, तेच जिन्यावरून खाली आलेले पाय. समोर मरणारं माणूस दिसलं की कुणीतरी हातातलं खाली ठेवतंच. फोनवर मात्र समोर कुणी नसतं. नुसतं नेऊन ठेवायचं होतं. दारात गाडी उभी होती, ड्रायव्हर आत बसलेला होता, आणि ती तीनदा फोन करत बसली होती.

पोरगी वाचली. डॉक्टरने आपण परवानगी दिली नव्हती असं दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं. सिस्टरला कॅज्युअल्टीतून काढून लसीकरणाच्या खोलीत बसवलं, आणि असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून गाडीची चावी डॉक्टरच्या कपाटात ठेवायची व्यवस्था झाली. वरून कळवण्यात आलं की कॅज्युअल्टीत परत यायचं असेल तर मोठ्या हॉस्पिटलातल्या कर्मचाऱ्याशी केलेल्या वर्तनाबद्दल माफी मागावी. सिस्टर म्हणाली, मागते, आधी तिला मागू दे. ते प्रकरण तिथेच राहिलं.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. बातमी तिच्या आधीच पोचली होती. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून डुलकी घेत होत्या. जाऊ दारात उभी होती आणि पहिल्यांदाच, मध्ये कुणी नसताना, थेट तिच्याकडे बघत होती.

"न विचारता नेलंत म्हणे तिला."

एवढ्या दिवसांनी तो आवाज आपल्याला उद्देशून ऐकून सिस्टर पायरीवरच थांबली. "हो," ती म्हणाली.

"घेतलं तिला त्यांनी?"

"घेतलं."

"परत नाही पाठवलं?"

"नाही."

"मग ह्यांना का नाही नेलंत?"

उत्तरं होती. नियम होता. तेव्हाचे डॉक्टर कडक होते. परत पाठवतात असं सगळेच सांगायचे, आणि घाटात काही झालं असतं तर हीच जाऊ म्हणाली असती की माझा माणूस रस्त्यात मारला. सगळी उत्तरं खरी होती, आणि वर्षभर सिस्टरने ती मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केली होती.

"मला वाटलं, नाही म्हणाले म्हणजे नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला? तुम्ही तर भाजीवाल्याचा भावसुद्धा पहिल्या फटक्यात ऐकून घेत नाही." जाऊ दारातून हलली नव्हती. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो सहन होत नव्हता. "एक विचारते. खरं सांगायचं. त्या खाटेवर ह्यांच्या जागी मोठे भाऊजी असते तर?"

अंगणात सासूबाईंची मान एका बाजूला कलली आणि पुन्हा सरळ झाली. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं, मग जावेकडे. खोटं बोलायला हरकत नव्हती. कुणाला कळलं असतं?

"नेलं असतं," ती म्हणाली.

जावेने मान हलवली, जणू एखाद्या वस्तूचं वजन ठाऊकच होतं आणि ते आता काट्यावर बघितलं. मग ती बाजूला झाली आणि सिस्टरला आत जायला वाट दिली.

आठवडाभरात ती आपल्या भावाकडे राहायला गेली. ट्रंक उचलायला सिस्टर पुढे झाली तर म्हणाली, "राहू दे, जड नाही." सासूबाईंच्या पाया पडली, शेजारणीला सांगून गेली. सिस्टरला दुसरं काही म्हणाली नाही, आणि सिस्टरनेही थांब म्हटलं नाही.